तारेवरची सनई

सुधाकर,

परवा मंदावहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "गौतमभाऊ, गिटार यांच्या फोटोपाशी ठेवायची हाय. तेवढं ते काळं यंत्र काढून द्या तिच्यावरचं. बरं दिसंना." मी पेचकस घेऊन मस्तगडला तुमच्या घरी आलो. तुमचा जिना चढताना मध्येच थांबलो. वर तू नसशील हे माहीत असूनही पाय नेहमीसारखे निघाले होते, ते तिथं आपणहून थांबले.

गिटार पलंगावर काढून ठेवली होती. तारा जिथं खाली टेकतात त्या ब्रिजच्या अगदी लगत, तारांच्या खाली, तो तुझा बोटाएवढा पातळ पिकअप. सहा तारांसाठी सहा वेगळे कान. तू तो तारांच्या इतका जवळ बसवला होतास की मधून पोस्टकार्ड सरकवलं असतं तर घासलं असतं. पेचावर पेचकस टेकवला आणि तसाच बसून राहिलो. मग वहिनींना म्हणालो, "राहू द्या वहिनी. हिचं तेच नाक हाय." त्यांनी आत जाऊन चहा टाकला. साखर फार पडली होती. प्यालो.

तुला सांगायची काही गरज नाही, पण मलाच एकदा पहिल्यापासून सांगून बघायचं आहे. गेले काही महिने मी नुसता धावतोय. संभाजीनगरचा दवाखाना, अंबडची माझी शाळा, पुन्हा दवाखाना, लोकांचे फोन. सलग असं काही आठवलेलंच नाही.

तर आपल्या ऑर्केस्ट्राची सनई हमीदचाचांच्या दातांबरोबर गेली. जुन्या जालन्यातले चाचा, लग्न असो की जयंती, सुरुवात त्यांच्या सनईनं व्हायची. पुढचे दात पडले आणि एक दिवस त्यांनी सनई कापडात गुंडाळून ठेवली. "सनईच्या तोंडाची पत्ती धरायला ओठ हायेत," ते म्हणाले, "ओठाला धरायला दात न्हाईत." मी म्हणालो, सनई माझ्या कीबोर्डमध्ये आहे, मी घेतो. तू लगेच म्हणालास, "ती कसली सनई? बटण दाबलं की सूर, सोडलं की गप. मींड कुठून आणशील?"

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. कीबोर्डवर त्यासाठी डाव्या हाताला एक चाक असतं. तू म्हणायचास, चाक फिरवून रडता येत नाही. गिटारीची तार बोटानं ओढली की सूर बोटाबरोबर चढतो, तो खरा. म्हणून तू पुण्याच्या एका वादकाकडून गिटारीतून सनई वाजवणारी एक जुनी मशीन आणि हा पिकअप आणलास. बियाण्यांच्या कंपनीत तुझं काम ओल्या कागदावर मांडलेल्या दाण्यांना कोंब फुटायची वाट बघायचं. लॅबमधली माणसं म्हणायची, सुधाकरसारखा धीर कुणाला नाही. त्या मशीननं मात्र तुझा धीर संपवला.

ऐकायला सोपं होतं. तार छेडली की पिकअप तिची थरथर केबलीतून मशीनला कळवतो, मशीन ओळखते सूर कोणता, आणि गिटारीऐवजी सनई वाजते. पण ओळखायला तिला वेळ लागतो. तार थोडी थरथरल्याशिवाय सूर कळत नाही. जाड तार सावकाश थरथरते, म्हणून तिचा सूर आणखी उशिरा. शेजारच्या तारेला बोट नुसतं घासलं तरी मशीनला वाटतं, हाही सूरच. मग चाललेल्या सनईत मध्येच कोंबडा आरवतो. पहिले कित्येक रविवार तुमच्या माडीवरून कोंबडेच आरवले. खालचा किराणावाला वहिनींना विचारायचा, "साहेबांनी काय पाळून राह्यलंय वर?"

तू एकेक खोड काढत गेलास. प्रत्येक तारेसाठी मशीनचे कान वेगळे जुळवलेस, कुठं कमी, कुठं जास्त. जाड तारांना हात लावायचाच नाही असं ठरवलंस; खालचे सूर हवे असले तर बारीक तारांवरच वाजवायचे आणि मशीनला सांगायचं, एक सप्तक खाली बोल. दर कार्यक्रमाआधी नव्या तारा, कारण जुनी तार स्वतःच बेसूर थरथरते, मशीन बिचारी काय ओळखणार? मोकळ्या तारा मधेच गुणगुणू नयेत म्हणून प्रज्ञाचा केसांना बांधायचा कापडी बँड गिटारीच्या गळ्याला, खुंट्यांच्या जवळ गुंडाळलास. ती शाळेला जाताना ओरडायची, "पप्पा, माझा जांभळा बँड!" आणि तू तिला दुसरा आणून द्यायचास, तो गिटारीवरचा काढायचा नाहीस.

एवढं सगळं केलंस, एक सोडून. तुझा हात जड होता. माईक कमी आणि ढोलक्या जास्त अशा काळात तू गिटार शिकलेला. आवाज पोहोचवायचा म्हणजे तारा बडवायच्या. तो हात हलका होईना.

अंबड रोडच्या त्या कार्यालयातलं लग्न मी विसरायचा प्रयत्न केला, जमलं नाही. भर दुपारची वेळ, पत्र्याखाली आपण सगळे भाजत होतो. तू हट्टानं म्हणालास, "आज सनई माझ्याकडं." नवरी दाराशी आली, तू सुरू केलंस, आणि पहिल्या दोन ओळी सुरेख गेल्या. मग घामानं बोट घसरलं, तू घाबरून जोर लावलास, खालच्या सुराची जाड तार झणझणली, आणि स्पीकरमधून सनईच्या आवाजात रेडा रेकला. मग नवरदेवाचा मामा ओरडला, "अय सनईवाले, घसा बसला का? पाणी पाजा रे त्याला!" मांडव हसला. नवरीही हसली, तिचा काय दोष. मी कीबोर्डवर सनई उचलली आणि नवरीला स्टेजपर्यंत आणून सोडलं. तू गिटार मांडीवर घेऊन खाली बघत बसलास.

परतताना टेम्पोत आपलं भांडण झालं. पुढं इतकी वर्षं चाललं ते हेच.

मी म्हणालो, "तारेचा खरा आवाजबी थोडा सोबत सोड ना. मशीन उशिरा बोलली तरी तार वेळेवर बोलंल. कुठं काही चुकलं तर झाकल्या जाईल."

"झाकायचंच असंल तर वाजवायचं कशाला?"

"अरे, पण लोकांना काय फरक पडून राह्यलाय? कानाला गोड लागलं म्हंजे झालं."

"मला फरक पडून राह्यलाय," तू म्हणालास. "सनई म्हंजे सनई पाहिजे. बिलकुल गिटार ऐकू आली न्हाई पाहिजे."

"मंग सनईच शिक."

त्यावर तू जालना येईपर्यंत बोलला नाहीस. मस्तगडजवळ उतरलास, गिटार पाठीला लावलीस आणि मागं न बघता हात हलवलास. रागावला होतास, पण हात हलवलास. तुझं हे असं होतं.

त्यानंतर कार्यक्रमात सनई माझ्याकडं राहिली आणि तू साथीला. घरी मात्र तू सोडलं नाहीस. एका रविवारी हमीदचाचांना जिना चढवून वर आणलंस आणि त्यांच्यासमोर वाजवलंस. चाचा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर तू विचारलंस, "कुठं चुकलं, चाचा?"

"सूर तो बराबर हाय बेटा," चाचा म्हणाले. "पर तू सांसच घेत न्हाईस. इतका लंबा कोन फुंकतो? आदमी मरून जाईल."

आपण तिघंही हसलो. पण तू त्या दिवसापासून वाजवताना ओठ मिटून नाकानं श्वास सोडायला लागलास. श्वास संपला की बोट उचलायचं, नवा श्वास घ्यायचा, मग पुढची ओळ. पायाखाली पेडल ठेवलंस, आवाज फुंकरीसारखा फुगवायला आणि उतरवायला. बघणाऱ्याला वाटायचं, ह्या माणसाला दमा आहे. मी खिडकीत बसून शाळेचे पेपर तपासायचो आणि कान तुझ्याकडं. सनई दारापर्यंत यायची, आत यायची नाही. कधी उशीर, कधी कोंबडा. दर वेळी मी म्हणायचो, तार सोड सोबत. दर वेळी तू म्हणायचास, न्हाई.

मग तुझी गाठ निघाली.

त्या महिन्यांबद्दल मला फारसं लिहवत नाही. तू बसमध्ये खिडकीशी, मी बाजूला, पिशवीत वहिनींची भाकरी, जी तू खाणार नाहीस हे वहिनींनाही माहीत असायचं. औषधानं तुझे केस गेले, वजन गेलं, आणि हळूहळू बोटांचे शेंडे बधिर झाले. डॉक्टर म्हणाले, काहींना होतं, काहींचं जातं, काहींचं राहतं. तू माझ्याकडं बघितलंस. मी दुसरीकडं बघितलं.

पुढं एका दुपारी शाळेत तुझा फोन. "ये." एवढंच. मला वाटलं, काही झालं. हेडमास्तरांना सांगून मिळेल त्या गाडीनं आलो. तू पलंगावर उशीला टेकून बसलेला, मांडीवर गिटार, आणि चेहऱ्यावर लहान मुलाचं हसू.

"मशीन ऐकायला लागली," तू म्हणालास. "बघ."

आणि तू वाजवलंस. सुधाकर, इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा तुझी सनई खोलीत आलेली ऐकली. एकेक सूर वेगळा, स्वच्छ, एकही कोंबडा नाही, उशीर आहे की नाही ते कळू नये इतका थोडा. तू तार ओढलीस तेव्हा सूर असा वर गेला की माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली.

"काय केलंस? सेटिंग बदललं?"

"काहीच न्हाई."

"मंग?"

तू उजवा हात उचलून दाखवलास, मग डावा. "शेंडे बधिर झालेत. तार कुठंय तेच कळंना. मंग बघून बघून बोट ठेवून राह्यलो, हळूच. छेडतोबी हळूच. जोर करायला जोरच कुठं राह्यलाय?" थोडा वेळ दम खाल्लास. "ती हेच मागून राह्यली होती रे. हलका हात. मी तिलाच शिव्या देत बसलो."

स्वयंपाकघरात नळ चालू होता. वहिनींनी तो बंद केला.

मला त्या क्षणी आनंद झाला होता, निव्वळ आनंद. तू आजारी आहेस हे मी विसरलो होतो. तूही विसरला असावास, कारण तू लगेच पुढची ओळ घेतलीस आणि अर्ध्यात तुझा हात गळून गिटारीवर पडला. मग दोघांनाही आठवलं.

प्रज्ञाचं लग्न पुढं ठरलं होतं ते अलीकडं आणलं. का, ते कुणी कुणाला सांगितलं नाही. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही नुसतं खुर्चीवर बसा त्या दिवशी." तू म्हणालास, "बसूनच वाजवायचंय."

अंबड चौफुलीजवळचा हॉल, पांढऱ्या फुलांच्या माळा, समोर बुद्धमूर्ती. स्टेजच्या बाजूला तुझी खुर्ची, पायाशी मशीन, पाठीला उशी. आवाजाची बटणं माझ्याकडं होती. नवरी यायच्या जरा आधी तू बोटानं मला खुणावलंस. मी वाकलो.

"तारेचाबी आवाज थोडा सोड," तू म्हणालास.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "किती?"

"तुला वाटंल तेवढा."

इतकंच. माझ्याकडं बघितलंही नाहीस. मी बटण हळूहळू वर केलं. वंदनेआधी प्रज्ञा दारात आली आणि तू सुरू केलंस. प्रत्येक सुराच्या तोंडाशी तारेची बारीक किणकिण, आणि तिच्या पोटातून सनई वर येत होती. नुसती सनई नव्हती आणि नुसती गिटारही नव्हती. असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. मागच्या रांगेत कुणीतरी चाचांना विचारलं, "कोन वाजवून राह्यलं हो?" चाचा म्हणाले, "चूप बैठ. सुनने दे."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. तू मान खाली घालून वाजवत होतास. तुला बोटं दिसल्याशिवाय ती कुठं पडली ते कळत नव्हतं. नजर उचलली असतीस तर सूर गेला असता. तुझी मुलगी पांढरी साडी नेसून, आईचा हात धरून हॉलच्या मधून चालत येत होती, सगळे वळून तिच्याकडं बघत होते, आणि तू एकटा तारांकडं बघत होतास.

प्रज्ञालाही ते कळलं. ती बुद्धमूर्तीकडं गेली नाही. वळून तुझ्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. नवरदेवाकडची मंडळी गोंधळली, भन्ते थांबले. तुझी ओळ अजून चालू होती. ती तिथंच उभी राहिली, तू शेवटच्या सुरावर पेडल उतरवेपर्यंत. मग तू वर बघितलंस.

ती म्हणाली, "झालं का पप्पा?"

"झालं," तू म्हणालास. "जा आता."

संध्याकाळी हॉल रिकामा झाल्यावर तू मला जवळ बसवलंस. "चालत कशी आली रे ती? मला दिसलंच न्हाई."

मी सांगितलं. दारात पदर सावरला, वहिनींकडं एकदा बघितलं, मग सावकाश, कुठं न थांबता. "तुझ्या ओळीच्या मापानं चालली," मी म्हणालो. तू पुन्हा सांगायला लावलंस. मी पुन्हा सांगितलं. मांडववाले खुर्च्या एकावर एक रचत होते आणि तू डोळे मिटून ऐकत होतास.

मला तेव्हाच विचारायचं होतं, तार का सोडायला सांगितलीस? माझं पटलं म्हणून? की हातावर भरवसा राहिला नव्हता, आणि लेकीच्या लग्नात रेडा रेकू नये म्हणून माझी बाजू घेतलीस? ह्या दोन्हींत फार अंतर आहे. पहिलं असेल तर मी जिंकलो. दुसरं असेल तर मला जिंकायचं नव्हतं. विचारलं नाही. वाटलं, विचारू पुढं कधी, निवांत.

निवांत झालंच नाही. मग दवाखाना, मग घर, मग पुन्हा दवाखाना. शेवटचं बोलणं झालं तेव्हा तू बराच वेळ छताकडं बघत होतास. मला वाटलं, काही मोठं सांगशील. तू म्हणालास, "गौतम, मशीनची वायर ढिली गुंडाळ. घट्ट वळली तर आतल्या तारा तुटत्यात." मी म्हणालो, हो. तेवढंच. मी वायर ढिली गुंडाळली आहे, ती माझ्याकडं आहे.

तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला चाचा आले होते. मागं भिंतीला टेकून बसले. कुणीतरी म्हणालं, प्रज्ञाच्या लग्नातलं रेकॉर्डिंग लावू. प्रज्ञा म्हणाली, नको. बरं झालं ती म्हणाली. मला म्हणवलं नसतं.

मी थकलोय, सुधाकर. रडू वगैरे फारसं येत नाही. शाळेतून आलो की झोप येते आणि झोपलो की जाग येते. पण एक गोष्ट तुला सांगायची आहे. मला कीबोर्डनं कधी काही शिकवलं नाही, कारण त्यानं मला कधी नाही म्हटलं नाही. दाबलं की वाजलं. तुझ्या शेजारी खिडकीत बसून मी ऐकायला शिकलो. एक सूर नीट यावा म्हणून माणूस किती रविवार घालवू शकतो, ते मी बघितलं. पेपर तपासताना पोरांच्या चुका बघून मी आता पूर्वीइतका चिडत नाही. हे तुझ्यामुळं, आणि हे तुला कधी बोललो नाही. तू म्हणाला असतास, पेपर तपास गुपचूप.

काल ऑर्केस्ट्रातला आपला राजू आला होता, नवी तारीख घेऊन. मंठ्याला लग्न आहे. उंबऱ्यातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, "सर, आता सनईचं कसं करायचं?" मग त्यानंच सांगितलं, "कीबोर्डवर घ्या की. चालतंय."

घेईन मी. वेळेवर वाजेल, कुणी हसणार नाही, नवरी स्टेजपर्यंत पोचेल आणि लोक जेवायला उठतील. चालतंय, सुधाकर. आता सगळ्यांनाच चालतंय.